ओरोसच्या अलीकडे



आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आरोग्यावर बोलणे सुरू झाले की पाच मिनिटांत ते ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पोचते आणि तिथून थेट गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात जाते. जिल्हा रुग्णालयात अमुक डॉक्टर नाही, तमुक यंत्र बंद आहे, शेवटी पेशंटला गोव्याला न्यावे लागले. निवडणुकीच्या सभेत हेच, एसटीतल्या गप्पांत हेच. तक्रार खरी आहे आणि ती खोडायला मी उभा राहिलेलो नाही. पण आजचा तासभर मी ओरोसच्या अलीकडेच थांबणार आहे. आचरा, मसुरे, चौके इथल्यासारखी प्राथमिक आरोग्य केंद्रे, त्यांच्या हाताखालची उपकेंद्रे आणि त्याच्याही अलीकडे घरासमोरचे खळे, जिथे आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, वही घेऊन उभी असते, एवढाच माझा मुलूख. करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत या जिल्ह्याचे जे बरेवाईट झाले, त्यातले पुष्कळसे या मुलखात ठरले असे माझे मत आहे. रुग्ण ओरोसला पोचायचा तोवर निम्मा निकाल लागलेला असायचा. तो आजाराच्या तिसऱ्या दिवशी पोचला की नवव्या, यावर सगळे होते, आणि तिसरा की नववा हे ओरोसमध्ये ठरत नव्हते.

आधी थोडा हिशेब. १ मे १९८१ ला हा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला. आठ तालुके, ३८ प्राथमिक आरोग्य केंद्रे, २४८ उपकेंद्रे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख ४९ हजार ६५१. भागाकार केला तर एका केंद्राच्या वाट्याला बावीस हजारांच्या आसपास माणसे येतात, उपकेंद्राच्या वाट्याला साडेतीन हजारांच्या आत. सरकारी निकष सपाट प्रदेशात तीस हजारांमागे एक केंद्र आणि डोंगराळ भागात वीस हजारांमागे एक असा आहे. म्हणजे कागदावर आपण फार मागे नाही. अडचण कागदाच्या बाहेर आहे. तारकर्ली-देवबागच्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर राहणाऱ्या म्हातारीला आणि दोडामार्गच्या जंगलातल्या वाडीवरच्या म्हाताऱ्याला ही सरासरी दिसत नाही. बंधपत्रावर आलेला तरुण डॉक्टर वर्षभर राहतो, पुढच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करतो आणि जातो. गावाला त्याचे नाव पाठ होते तोवर त्याची बदली झालेली असते. टिकून राहते ती नर्सबाई, आरोग्य सेवक आणि आशा.

जनगणनेतलेच आणखी दोन आकडे माझ्या विषयाच्या अगदी मुळाशी आहेत. २००१ साली जिल्ह्यात ८ लाख ६८ हजार ८२५ माणसे होती. दहा वर्षांत ती वाढण्याऐवजी घटली. दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया. या दोन आकड्यांत आपला सगळा संसार आला. कमावते मुंबईत, घरात आईवडील, पेटीत मनीऑर्डरीच्या जुन्या पावत्या आणि आता मोबाइलवर आलेले पैसे. ज्या विषाणूपासून साठीपुढच्या माणसाला सर्वांत जास्त धोका, तो मुंबईत पसरला. आणि मुंबईतला मुलगा ज्या घरी परतणार, त्या घरात साठीपुढचीच माणसे. जिल्ह्यासमोरचा प्रश्न मार्च २०२० मध्ये इतक्या उघडपणे मांडलेला होता.

तो नवाही नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. गिरणीतले, गोदीतले आपले लोक आगबोटींनी किनाऱ्याच्या बंदरांना उतरले. मालवण, वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला; मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने जो लागू केला तो हाच. सव्वाशे वर्षांत चाकरमान्याचे वाहन बदलले, बोट गेली, कोकण रेल्वे आली, कायदा मात्र तोच राहिला. पुण्यात त्या वेळी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या गेल्या, त्याचा शेवट २२ जून १८९७ ला रँडसाहेबाच्या खुनात झाला, हे आपण शाळेत शिकतो. त्या इतिहासातली साथरोगाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र शाळेत सांगत नाहीत. झडतीच्या भीतीने लोक रोगी लपवू लागले, आणि लपवलेला रोगी साथीला सर्वांत सोयीचा असतो.

आता जवळच्या गोष्टीकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण करोनाबद्दल बोलताना ती कोणीच काढत नाही. ती माकडतापाची आहे.

जानेवारी २०१६. दोडामार्ग तालुक्यातले केर गाव. जंगलात माकडे मरून पडू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. साधा ताप नव्हे. डोके फुटेल असे दुखणे, अंग मोडून पडणे, काहींना रक्तस्राव. या रोगाचे शास्त्रीय नाव कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलावरून पडले आहे. तिथे तो १९५७ साली सापडला. माकडाच्या अंगावरच्या गोचिडीतून विषाणू माणसात येतो. आपल्याकडे हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. पहाटे उठून काजूच्या बागेत बोंडे गोळा करायला जायचे, गुरे रानात न्यायची, लाकूडफाटा, पातेरा आणायचा. ज्या कामावर घर चालते तेच काम रोगाचे दार.

मोठ्या रुग्णालयाने या रोगात काय करायचे? विषाणूवर नेमके औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, काळजी. बाकी सगळे करायचे ते गावात. आरोग्य सेवकाने रोज तापाची घरे धुंडाळायची, रक्ताचे नमुने घ्यायचे, ते तपासणीला पाठवायचे. मेलेले माकड दिसले की गावकऱ्याने हात न लावता कळवायचे. वन खात्याने त्याची विल्हेवाट लावायची आणि भोवतालच्या पन्नास फुटांत कीटकनाशक भुकटी टाकायची. रानात जाण्याआधी हातापायांना गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल चोळायचे, परतल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करायची, कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे. लस होती, तिचा प्रभाव मर्यादित होता, आणि एकदा टोचून भागत नव्हते. महिन्याने दुसरा डोस, मग पुढे वर्धक. एवढे सगळे त्या माणसाकडून करून घ्यायचे ज्याला बोंडे गळायच्या आत बाग गाठायची आहे.

डेपा तेलाच्या बाटल्या वाटणे सोपे. ते तेल रोज लावायला लावणे हे वेगळेच काम. एक काजूवाला मला म्हणाला होता, "डॉक्टर, ह्या तेलाचो वास काजीक लागलो तर व्यापारी घेतलो काय?" या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. गावातल्याच एका बाईने ते दिले: तेल पायांना लाव, वर पूर्ण पँट घाल, काजीला हात लावायच्या आधी हात धू. ती बाई आशा होती आणि तिच्या स्वतःच्या काजी होत्या. प्राथमिक आरोग्य सेवा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हे उदाहरण देतो. आरोग्याचे ज्ञान आणि काजूच्या धंद्याचे ज्ञान एका डोक्यात असणे.

त्याआधी लेप्टो होताच. भातशेतीच्या चिखलात, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात उघड्या पायाने उभे राहणाऱ्याला होणारा ताप. वेळेवर ओळखला तर स्वस्तातल्या गोळ्यांनी बरा होतो, चार दिवस उशीर झाला तर मूत्रपिंडे, फुप्फुसे निकामी करतो. २०११-१२ च्या सुमारास त्याने आपल्याकडे बरीच माणसे नेली. तेव्हापासून लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना आठवड्याला डॉक्सीसायक्लिन देण्याची पद्धत रुळली. घरोघर जाऊन, समोर उभे राहून, पोटात काही आहे का विचारून गोळी द्यायची.

हे सांगायचे कारण असे की करोना आला तेव्हा सिंधुदुर्गाची आरोग्य यंत्रणा अगदी कोरी नव्हती. ताप आलेले घर शोधणे, नमुना बाहेरगावी पाठवून निकालाची वाट बघणे, घाबरलेल्या माणसाशी बोलणे, हे तिच्या अंगवळणी पडलेले होते. सुरुवातीला करोनाचे नमुने मिरजेला जात. घाट चढून जायचे, निकाल यायला दिवस लागायचे. पुढे ओरोसला प्रयोगशाळा झाली. त्या मधल्या काळात निकाल येईपर्यंतचा जो वेळ होता, तो गावातल्या माणसांनी सांभाळला.

मे २०२०. खारेपाटणच्या नाक्यावर वाहनांच्या रांगा. मुंबईत दोन महिने दहा बाय बाराच्या खोलीत कोंडून घेतलेले, पगार बंद झालेले लोक गावाकडे निघाले. त्यांना दोष देणाऱ्यांचा मला तेव्हाही राग आला होता. आजारपणात माणूस आपल्या घरी येणार नाही तर कुठे जाणार? पण गावातही भीती होती आणि तीही खोटी नव्हती. काही गावांनी आधीच रस्त्यावर चिरे आणि झाडे टाकून वाटा बंद केल्या होत्या. मग सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या गावपातळीवरच्या समित्या झाल्या. जिल्हा परिषदेच्या शाळा विलगीकरणासाठी उघडल्या. वर्गात सतरंजी, डोक्यावर पंखा, असला तर, संडास दूर, रात्री फुरशाची धास्ती. ज्यांच्याकडे वेगळे मांगर किंवा रिकामे घर होते त्यांना तिथे राहू दिले.

त्या समित्यांनी मोठे काम केले, याबद्दल त्यांचे सत्कारही झाले. मला त्यांच्याबद्दल दुहेरी बोलायचे आहे. ज्या गावात समितीत आरोग्याचे माणूस बोलत होते आणि बाकीचे ऐकत होते, तिथे विलगीकरण म्हणजे विलगीकरणच राहिले. जेवणाचा डबा गेला, रोज ताप पाहिला गेला, चौदाव्या दिवशी माणूस घरी गेला. ज्या गावात समिती भावकीच्या हाती गेली, तिथे विलगीकरणाची शिक्षा झाली. जमिनीचा जुना वाद असलेल्याला शाळेत, आपल्या माणसाला घरी. विहिरीवर पाणी भरू न देणे, मुलाशी न बोलणे. लोकसहभाग हा शब्द आपण फार सहज वापरतो. लोक म्हणजे गाव, आणि गावात जात असते, भावकी असते, देवळाच्या मानपानाचे तंटे असतात. साथीत ते सगळे एकदम वर येतात. म्हणून गावाच्या हाती अधिकार द्यायचा तर त्या टेबलावर आरोग्याचा आवाज जोरात हवा. आणि तो आवाज गावातल्या सर्वांत कमी मानधनाच्या बाईचा असेल, तर सरपंच तो कितपत ऐकेल हा प्रश्न उरतोच.

गणपतीत हा ताण शिगेला पोचला. २२ ऑगस्टला चतुर्थी. विलगीकरण चौदा दिवसांचे की दहा, यावरून जुलैभर वाद. अखेर सरकारने दहा दिवसांचा नियम केला, १२ ऑगस्टनंतर येणाऱ्याला चाचणी लागू केली आणि एसटीच्या गाड्या सोडल्या. कोकणातल्या माणसाला गणपतीला येऊ नको सांगणे कोणत्याच सरकारला जमणारे नव्हते, आणि माझ्या मते सांगूही नये होते. प्रश्न एवढाच होता की आलेला माणूस पहिले दहा दिवस कोणाच्या नजरेखाली राहील. त्याचे उत्तर जीआरमध्ये नव्हते, वाडीवर होते.

इथे थोडे बाहेरच्या जगाकडे बघू या. मार्च २०२० मध्ये बँकॉक बंद झाले आणि तिथले मजूर, हॉटेलातले कामगार आपापल्या गावी परतले. थायलंडमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावी आरोग्य स्वयंसेवक आहेत, दहा लाखांहून अधिक. परतलेल्याच्या घरी जायचे, ताप बघायचा, दोन आठवडे नजर ठेवायची आणि त्याची विचारपूसही करायची, असे काम त्यांनी केले. पहिल्या लाटेत थायलंडने साथ ज्या रीतीने रोखली त्यात त्यांचा वाटा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केला. उलट टोक उत्तर इटलीचे. लोम्बार्दी हा युरोपातला श्रीमंत प्रांत, अत्याधुनिक रुग्णालयांचा. बर्गामो शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २१ मार्च २०२० ला एक लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लिहिले ते सारांशाने असे, की आमची व्यवस्था एकेका रुग्णाभोवती बांधलेली आहे आणि साथीला समाजाभोवती बांधलेली व्यवस्था लागते. रुग्णालयेच आता रोग पसरवण्याची ठिकाणे होऊ लागली आहेत. अतिदक्षता विभागात उभे राहून घराघरांतल्या देखभालीची मागणी करणारे हे डॉक्टर होते. आपण लोम्बार्दी व्हायची स्वप्ने बघतो तेव्हा हा लेख कुणीतरी आठवणीने वाचावा.

आपल्याकडे ही जाण नव्हती असेही नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आहे. १९७० नंतर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत ज्या प्राथमिक आरोग्य सेवेचा जगभर उच्चार झाला, तिच्यामागच्या मोजक्या उदाहरणांत जामखेड होते. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले की प्रशिक्षित गावची बाई घरी जाऊन नवजात बाळाचा जीव वाचवू शकते. आशा ही योजना २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, पण तिची आजी जामखेडची आहे.

दुसऱ्या लाटेकडे येतो. २०२० मध्ये बचावलेला जिल्हा २०२१ च्या एप्रिल-मे-जूनमध्ये सापडला. राज्यात इतरत्र लाट ओसरत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात बाधितांचे प्रमाण चढेच राहिले, आणि जूनमध्ये निर्बंध उठवण्याचे टप्पे ठरले तेव्हा आपण कडक निर्बंधांच्या गटात होतो. याची कारणे अनेक आहेत. विषाणूचे रूप बदलले होते, हे त्यात मोठे. पण माणसांचे वागणेही बदलले होते. पहिल्या लाटेत भीती रोगाची होती. दुसऱ्या लाटेत भीती ओरोसची. तिथे गेलेला परत येत नाही, अशी बोलवा. मग ताप आला तरी खोकला दाबायचा, मेडिकलमधून गोळी आणायची, आशा आली की दारातूनच सांगायचे, "माका काय्येक झाला नाय गो बाय. माजा नाव लिवू नको." प्लेगच्या वेळी झडतीने जे केले ते या वेळी बोलवेने केले.

आणि या रोगाची एक दगाबाज खोड होती. रक्तातला प्राणवायू घसरत असताना माणसाला दम लागलेला जाणवतच नाही. बोटाला लावायचा तो छोटा ऑक्सिमीटर म्हणून महत्त्वाचा. सहा मिनिटे चालायला लावायचे आणि आधी-नंतरचा आकडा बघायचा. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा चालल्यावर ठळकपणे उतरला, तर माणूस कितीही ठणठणीत दिसो, त्याला हलवायचे. या तपासणीला डॉक्टर लागत नाही, वीज लागत नाही. लागते अशी बाई, जिला दार उघडले जाते. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली होती. पथके घरोघर फिरली, ताप, प्राणवायू, मधुमेह, रक्तदाब यांच्या नोंदी झाल्या. त्या वेळी पुष्कळ जण हसले की कागद रंगवताहेत. काही ठिकाणी रंगवलेही असतील. पण ज्या उपकेंद्रात ती यादी नीट झाली होती, तिथे एप्रिलमध्ये नर्सबाईला ठाऊक होते की वाडीतल्या कोणत्या चार घरांत साखरेचे रोगी आहेत आणि आधी कुठे जायचे.

त्यात १६ मे आला. तौक्ते वादळ. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला काय झाले ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. खांब पडले, होड्या फुटल्या, आंब्याचा हंगाम झाडाखाली झोपला, कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात. आता विचार करा. घरात करोनाचा रोगी, छपराची कौले उडालेली, मोबाइलला चार्ज नाही, टॉवर बंद. हेल्पलाइनचा नंबर पाठ असून उपयोग काय? ओरोसहून कोणाला कसे कळणार की धुरीवाड्यात कुणाचा आकडा उतरला? लशींचेही तेच. लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहावी लागते. केंद्रावरचा तो विशेष फ्रिज वीज गेल्यावरही, झाकण उघडले नाही तर, काही तास थंडावा धरून ठेवतो; मग जनरेटर, नाहीतर बर्फाच्या पिशव्यांच्या पेटीतून वीज असलेल्या केंद्रावर. रस्त्यावरची झाडे तोडत हे करायचे. पडलेल्या झाडावरून चालत जाऊन ऑक्सिमीटर लावणाऱ्या बाया त्या आठवड्यात होत्या. त्यांची छायाचित्रे कुठे छापून आली नाहीत, कारण छायाचित्रकार मंत्र्यांच्या दौऱ्यात होते. असो.

त्या महिन्यानंतर, जून २०२१ मध्ये, राज्यातल्या आशा संपावर गेल्या. साथ चालू असताना संप, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. हिशेब बघा. आशा ही सरकारच्या लेखी कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला कामागणिक मोबदला. करोनाच्या कामासाठी केंद्राने महिन्याला हजार रुपये ठरवले होते. दिवसाला तेहतीस-चौतीस रुपये. मालवणच्या बाजारात तेव्हा तेवढ्यात दोघांचा चहा आणि एक वडा. ती स्वतः बाधित झाली तर तिच्या घरातल्यांनी काय करायचे, याची स्पष्टता नाही. संप मिटला, मानधनात थोडी वाढ झाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. पुरस्काराच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या एका आशाताईला मी अभिनंदनाचा फोन केला. ती म्हणाली, "सर, तो पुरस्कार खंयच्या खात्यात जमा होतलो?" मी हसलो, ती हसली नाही.

साथीत आणखी एक नुकसान झाले, ज्याचे आकडे संध्याकाळच्या बातम्यांत येत नव्हते. २०१९ साली देशात क्षयरोगाच्या २४ लाख रुग्णांची नोंद झाली. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला नव्हता, तो शोधणारे दुसऱ्या कामावर गेले होते. आपल्याकडे बाळांचे लसीकरणाचे दिवस चुकले, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आणि एसटी बंद म्हणून पुन्हा आणल्या गेल्या नाहीत, डायलिसिसवाले अडकले. गोव्याची हद्द बंद झाली तेव्हा पत्रादेवीच्या नाक्यावर काय चालले होते ते बांदा-सावंतवाडीच्या लोकांना विचारा. बांबोळीला जाणे हा आपल्या दक्षिण तालुक्यांचा शेजारधर्मावर टिकलेला व्यवहार आहे. २०१८ मध्ये गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाले होते. शेजाऱ्याच्या विहिरीवर आयुष्य काढणाऱ्याला एक दिवस शेजाऱ्याचे फाटक बंद दिसते, तसे हे झाले. आणि फाटक साथीतच बंद होते, नेमक्या गरजेच्या वेळी.

यावर आपले उत्तर काय होते? वैद्यकीय महाविद्यालय. २०२१ मध्ये शासकीय महाविद्यालयाला शंभर जागांची परवानगी मिळाली, खासगी त्याआधीच होते. मला आनंद आहे. जिल्ह्यात विशेषज्ञ येतील, बांबोळीच्या फेऱ्या कमी होतील. पण एक शंका बोलून दाखवतो. महाविद्यालय आले की जिल्ह्याचे पैसे, माणसे आणि मंत्र्यांचे लक्ष, तिन्ही ओरोसकडे वाहू लागतात. केंद्रावरचा चांगला डॉक्टर तिकडे प्रतिनियुक्तीवर जातो, रिकामी खुर्ची इकडे राहते. हे टाळता येते. २०२२ पासून एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणाच्या काळात त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असा नियम आहे. शंभर विद्यार्थी, प्रत्येकी पाच घरे धरली तरी दर वर्षी पाचशे घरे. ती घरे कोणती असावीत हे कोण ठरवते? ओरोसच्या आसपासची, जीप लवकर परत येईल अशी, की देवबाग, तोंडवळी, केर, आंबोलीकडची? हा प्रश्न अधिष्ठात्यांना विचारण्याचा हक्क इथल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आहे, आणि तो विचारला गेल्याचे अजून माझ्या कानावर आलेले नाही.

उपकेंद्रांचे आधी आरोग्यवर्धिनी केंद्र झाले, मग आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. पाट्या बदलल्या. पाटीपेक्षा चांगला बदल म्हणजे तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आला. रक्तदाब, मधुमेह तपासून गोळ्या देणारे माणूस गावात बसू लागले. तो बसतो का, गोळ्या महिनाभर पुरतात का, हे बघायला ओरोसला जावे लागत नाही. प्रत्येक महसुली गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांची समिती असते. तिला वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी मिळतो. दहा हजार म्हणजे फार नाही, पण त्यात दोन ऑक्सिमीटर, एक बीपीचे यंत्र, उपकेंद्राच्या पंपाची दुरुस्ती आणि बाळंतिणीला आणायला रिक्षाचे भाडे निघते. ही समिती आपल्या गावात आहे का, असे मी मघाशी चहाच्या वेळी चार जणांना विचारले. दोघांनी विचार करून नाही म्हटले. त्यातले एक समितीचे सदस्य आहेत, असे नंतर कळले.

१ मे ला ग्रामसभा असते. विषयपत्रिकेवर रस्ते असतील, पाखाडी असेल, पथदिवे असतील. त्यात एक विषय लिहून द्या: या समितीचा गेल्या वर्षीचा अबंधित निधी कशावर खर्च झाला आणि गावात एकट्या राहणाऱ्या साठीपुढच्या माणसांची यादी आरोग्य खात्याकडे आहे का. आशाताईला सभेत खुर्ची द्या, दाराशी उभी ठेवू नका. आंब्यासाठी आलेले चाकरमानी त्या दिवशी गावात असतीलच, त्यांनाही बसवून घ्या. आईवडिलांच्या गोळ्या कुठून येतात आणि किती दिवस पुरतात हे त्यांनाही ऐकू दे.